मोटारगाडीचें सुकाणू आणि मिस्त्रीचा दिवा

मुंबईच्या नकाशावर पूर्व किनाऱ्यानें बोट फिरवीत वर गेलें, तर शिवडीसमोरच्या खाडीपलीकडे माहुल हें गांव लागतें. कोळी आणि आगरी लोकांची ही जुनी वस्ती. तिच्या एका अंगास खारफुटीचें रान आणि हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांच्या थव्यांनीं गुलाबी दिसणारा चिखल आहे; दुसऱ्या अंगास १९५४ व १९५५ सालीं सुरू झालेले तेलशुद्धीचे दोन प्रचंड कारखाने आहेत. तेलाच्या टँकरांची ये-जा या बाजूच्या रस्त्यांना नवीन नाहीं. आणि जेथें इतक्या गाड्या थांबतात, तेथें त्या दुरुस्त करणारे हातही जमतात. आज मी जी हकीकत सांगणार आहें, ती अशाच एका मिस्त्रीच्या पत्र्याच्या छपराखालीं घडली.

हकीकत तशी लहान आहे. एका मोटारगाडीचें स्टिअरिंगचें चाक वर गेलें तें खालीं येईना, एवढीच. परंतु तें कां येईना याचा शोध करूं लागलें, म्हणजे सव्वाशें वर्षांचा इतिहास त्या चाकामागें उभा असलेला दिसतो. आणि त्या इतिहासाच्या शेवटीं एक असा प्रश्न येतो कीं, जो केवळ गाडी बाळगणारांचाच आहे असें म्हणतां येणार नाहीं.

माझे एक स्नेही आहेत. उंचीनें बेताचे, नोकरींतून निवृत्त झालेले. त्यांनीं हौसेनें एक जुनी, परदेशी बनावटीची गाडी विकत घेतली. तिच्यांत अशी सोय होती कीं, चावी काढली म्हणजे स्टिअरिंगचें चाक आपोआप वर उचललें जाई आणि आंतल्या बाजूस सरके, हेतु हा कीं उतरणाराच्या गुडघ्यांना अडचण होऊं नये. चावी लावली म्हणजे तें पुन्हां मालकाच्या ठरलेल्या जागीं येऊन थांबे. एके दिवशीं सकाळीं तें आलें नाहीं. दांड्याच्या बाजूस असलेलें बटण दाबून पाहिलें. चाक पुढें-मागें सरके, परंतु खालीं कांहीं उतरेना. गाडी एका मोठ्या दुरुस्तीगृहांत नेली. तेथें मीटर लावून पाहिला आणि निकाल दिला कीं, आंतील विजेची मोटर निकामी झाली आहे, ती सुटी मिळत नाहीं, सबब संपूर्ण दांडा बदलावा लागेल. सांगितलेली किंमत ऐकून माझे स्नेही गाडी तशीच चालवूं लागले. ही गोष्ट धोक्याची होती. ती कां, हें कळण्यासाठीं आपल्याला थोडें मागें गेलें पाहिजे.

स्टिअरिंगला आपण मराठींत सुकाणू म्हणतों, आणि हा शब्द होडीवरून आलेला आहे हें माहुलच्या कोळ्याला सांगावें लागणार नाहीं. गंमत अशी कीं, अगदीं पहिल्या मोटारगाड्यांना खरोखरच होडीसारखें सुकाणू होतें. चालकाच्या हातांत एक आडवा दांडका असे आणि तो ढकलून किंवा ओढून गाडी वळवावी लागे. चाकाचा उपयोग प्रथम दिसला तो १८९४ सालीं. त्या वर्षीं पॅरिसहून रुआं या शहरापर्यंत मोटारगाड्यांची जी प्रसिद्ध स्पर्धा झाली, तींत आल्फ्रेड व्हाशरों या फ्रेंच गृहस्थानें आपल्या पानार गाडीला दांडक्याऐवजीं वाटोळें चाक बसविलें होतें. पुढें चारच वर्षांनीं, १८९८ सालीं, पानार कंपनीचा अभियंता आर्तूर क्रेब्स यानें पॅरिस ते ॲम्स्टरडॅम या स्पर्धेसाठीं तयार केलेल्या गाडींत त्या चाकाचा दांडा तिरपा करून चालकाकडे कलता केला. आज जगांतील प्रत्येक मोटारींत दांडा कलताच असतो. इतका कीं, तो कधीं काळीं तसा नव्हता हें आपल्या ध्यानींही येत नाहीं.

परंतु दांडा एकदां कलता झाला आणि तेथेंच थिजला. तो किती कलावा, चाक छातीपासून किती लांब असावें, हें कारखान्यांत ठरे. चालक उंच असो कीं ठेंगणा, स्थूल असो कीं कृश, त्यानें आपलें शरीर त्या चाकाशीं जुळवून घ्यावें असाच शिरस्ता पडला. या नियमाला अपवाद झाले नाहींत असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभींच अमेरिकेंत एडवर्ड लॉबडेल यानें कलणारें चाक तयार केलें होतें. पण तीं नवलाई होती. रोजच्या गाडींत तिचा शिरकाव झाला नव्हता.

आपल्या मुंबईचा या इतिहासाशीं जुना संबंध आहे. माहुलच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे जी शिवडी दिसते, तेथें १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें परदेशांतून येणाऱ्या सुट्या भागांपासून शेव्हरोले गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. माहुलच्या उत्तरेस, कुर्ल्याला, शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तेथें डॉज व प्लिमथ गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. केवळ परदेशी भाग जोडणाऱ्या कंपन्यांविरुद्ध सरकारचें धोरण कडक झाल्यावर शिवडीचें काम १९५४ सालीं आटोपलें. कुर्ल्याचें मात्र वाढत गेलें. तेथें फियाट गाडी तयार होऊं लागली आणि १९७० नंतरच्या दशकांत तीच प्रीमियर पद्मिनी या नांवानें घरोघरीं ओळखीची झाली.

या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. काळ्यापिवळ्या टॅक्सींत चालकाच्या शेजारीं बसलें कीं तो डोळ्यांसमोरच असे. गिअरची मूठ जमिनींतून वर आलेली नसून स्टिअरिंगच्या चाकाखालींच बसविलेली असे. तिच्यापासून निघालेले लोखंडी गज दांड्याबरोबर खालीं जाऊन गिअरपेटीला पोंचत. गिअर अडूं लागला, मूठ सैल पडली, तर टोपण उघडून पाहिलें कीं कोणता गज वांकला, कोणतें बुश झिजलें हें दिसे. दोष डोळ्यांना दिसे, बोटांना लागे, आणि कानांना ऐकूं येई. चाक मात्र जागचें हलत नसे. ठेंगण्या चालकानें पाठीमागें उशी घ्यावी आणि उंचानें गुडघे फांकवून बसावें. अशा शेवटच्या टॅक्सीनें ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, आणि तिच्याबरोबर डोळ्यांनीं दोष पाहण्याच्या एका युगानेंही निरोप घेतला असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. चाकानें माणसाशीं जुळवून घ्यावें, हा विचार अमेरिकेंत जोरानें पुढें आला तो १९६० नंतर. १९६१ च्या फोर्ड थंडरबर्ड गाडींत चालकाला उतरतां यावें म्हणून चाक बाजूस सरकविण्याची सोय आली. १९६३ सालीं जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ या विभागानें सात निरनिराळ्या कोनांत थांबणारें चाक बाजारांत आणलें, आणि दोन वर्षांनीं कॅडिलॅक गाडींत तें पुढें-मागेंही सरकूं लागलें. हें सारें हातानें करावयाचें असे. एक खटका सोडावा, चाक हवें तेथें आणावें, खटका पुन्हां लावावा. पुढें १९८० नंतरच्या दशकांत मौल्यवान गाड्यांत हेंच काम विजेच्या मोटरकडे सोंपविण्यांत आलें, आणि त्याला स्मरणशक्तीची जोड मिळाली. नवरा-बायको एकच गाडी चालवीत असलीं, तर ज्याचें त्याचें बटण दाबतांच चाक ज्याच्या त्याच्या जागीं जाऊं लागलें.

हा निव्वळ चैनीचा प्रकार आहे असें वाटण्याचा संभव आहे. तसें तें नाहीं. जुना, अखंड लोखंडी दांडा समोरच्या धडकेंत भाल्यासारखा चालकाच्या छातींत शिरे. शेंकडों जीव घेतल्यानंतर यावर उपाय निघाला. १९६७ सालच्या अमेरिकन गाड्यांत धक्का बसतांच स्वतः चेपला जाणारा दांडा आला, आणि १ जानेवारी १९६८ पासून तेथील कायद्यानें तसा दांडा सक्तीचा केला. पुढें चाकाच्या पोटांत हवेची पिशवी आली. आपल्या देशांत चालकापुढील ही पिशवी नव्या गाड्यांत १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. परंतु ही पिशवी डोळ्यांचें पातें लवण्याच्या आंत फुगते. तिच्या अगदीं जवळ बसलेल्याला तीच इजा करूं शकते. म्हणून छातीचें हाड आणि चाकाचा मध्य यांत निदान दहा इंच अंतर असावें असें तज्ज्ञ सांगतात. आतां माझे ठेंगणे स्नेही आठवा. त्यांचें चाक वर अडकलेलें. तें नीट धरतां यावें म्हणून ते आसन पुढें ओढून, मान उंचावून बसत. पिशवीचें तोंड छातीऐवजीं चेहऱ्याकडे, आणि चाकाची कड वेगदर्शक काट्याच्या आड. म्हणून मीं म्हटलें कीं, ही गोष्ट धोक्याची होती.

येथें एक गैरसमज दूर करून ठेवतों. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत चाक फिरविण्याचे श्रम कमी करणारी एक वेगळी विजेची मोटर असते. तिचा पहिला उपयोग जपानांत सुझुकीच्या सर्व्हो गाडींत १९८८ सालीं झाला. ती बिघडली तर चाक जड होतें. आपण जिच्याविषयीं बोलत आहों ती मोटर चाक फिरवीत नाहीं. चाकाची जागा बदलते. नांवें सारखीं असल्यामुळें गाडीचे मालकच नव्हे, तर कधीं कधीं दुरुस्ती करणारेही या दोहोंची गल्लत करतात.

या जागा बदलणाऱ्या यंत्राची रचना मोठी गूढ नाहीं. दांड्याच्या खालच्या अंगास मुठीएवढ्या दोन मोटरी असतात. एक चाक वर-खालीं करते, दुसरी पुढें-मागें. मोटर फिरली कीं आटे असलेला एक गज फिरतो आणि त्यावरील जोड पुढें किंवा मागें सरकतो. घरांतल्या जुन्या संच्यांत दट्ट्या जसा आट्यांवरून उतरतो, तसाच. विजेची दिशा उलटली कीं गती उलटते. चाक कोठवर आलें आहे हें मोजणारा एक लहानसा भाग प्रत्येक मोटरीजवळ असतो. बटणाचा हुकूम, या मोजणाऱ्या भागाचा अहवाल आणि दाराची व चावीची खबर, या सर्वांचा विचार करून मोटरीला वीज देणारी एक बंद पेटी असते. पेटीला बॅटरीकडून वीज मिळते, आणि ती एका फ्यूजमधून येते. म्हणजे बॅटरी, फ्यूज, बटण, पेटी, तारा, मोटर, आटे आणि मोजणारा भाग, अशी ही आठ जणांची साखळी झाली. एक जरी कडी निसटली, तरी बाहेरून दिसणारें लक्षण एकच: चाक हलत नाहीं.

आतां माहुलच्या मिस्त्रीकडे चलूं. माझे स्नेही एका टँकरवाल्याच्या सांगण्यावरून त्याच्याकडे गेले. मी कुतूहलानें बरोबर गेलों. मिस्त्रीनें हातांत पाना घेतला नाहीं. त्यानें आधीं प्रश्न विचारले.

"काका, चाक पुढं-मागं होतं ना?"

"होतं."

"आणि वर-खाली करायला बटण दाबलं, तर आंत घरघर होते का?"

"अजिबात नाही. अगदी शांत."

"अचानक बंद झालं, की आधी कधी चालायचं, कधी नाही?"

स्नेह्यांना आठवलें कीं, आधींचा महिनाभर चाक कधीं कधीं खालीं येतांना मध्येंच थबकत असे.

हे तीन प्रश्न म्हणजे निम्मी दुरुस्ती होती, हें मला नंतर उमगलें. चाक पुढें-मागें सरकतें, याचा अर्थ बॅटरी ठीक, दोघांचा सामाईक फ्यूज ठीक, पेटीला वीज मिळते. आठ कड्यांतील कांहीं कड्या हात न लावतां निर्दोष सुटल्या. घरघर ऐकूं आली असती, तर मोटर फिरते पण आटे झिजले किंवा जोड निखळला असें झालें असतें. चाक एकेक बोट सरकून थांबत असतें, तर मोजणाऱ्या भागावर संशय गेला असता. कारण आपण कोठें आहों हें कळेनासें झालें म्हणजे पेटी मोटरीला फार काळ वीज देत नाहीं. बटणानें चाक नीट हललें असतें आणि फक्त आपोआप वर जाणें बंद झालें असतें, तर दोष मुळीं नव्हताच. कोणी तरी ती सोय बंद करून ठेवली असती, किंवा दाराची खबर पेटीला पोंचत नसती. पण येथें शांतता होती, ती एकाच दिशेच्या कामापुरती होती, आणि ती हळूहळू आली होती. हळूहळू येणारी शांतता बहुधा तारेची असते.

मग त्यानें बॅटरीची तार सोडली आणि आम्हांला चहा पाजला. घाई नव्हती म्हणून नव्हे. हवेच्या पिशवीच्या यंत्रणेंत वीज थोडा वेळ साठून राहते, ती ओसरूं द्यावी लागते. पिवळ्या वेष्टनाच्या तारा आणि जोड पिशवीचे असतात. त्यांना दिवा तर नाहींच, पण मीटरही लावावयाचा नाहीं, कारण एवढीशी वीजही पिशवी उडवूं शकते. घरीं बसून हा उद्योग करूं पाहणारांनीं एवढी गोष्ट लक्षांत ठेविली, तरी माझें आजचें बोलणें कारणीं लागलें असें मी समजेन. दांड्याखालचें आच्छादन उतरल्यावर त्यानें बॅटरी पुन्हां जोडली आणि पिवळ्या जोडाच्या वाऱ्यासही न जातां वर-खालीं करणाऱ्या मोटरीचा जोड सोडविला.

तेथें त्यानें दोन साधनें वापरलीं. पहिला मीटर. बटण दाबलें, मीटरनें बारा व्होल्ट दाखविले. मोठ्या दुरुस्तीगृहांतही हेंच दिसलें होतें, आणि त्यावरून त्यांनीं अनुमान काढलें होतें कीं वीज पोंचते, मोटर फिरत नाहीं, म्हणून मोटर मेली. अनुमान वरवर निर्दोष दिसतें. मिस्त्रीनें मग दुसरें साधन काढलें: दोन तारा जोडलेला मोटारीचा साधा दिवा. तोच जोड, तेंच बटण. परंतु दिवा निखाऱ्यासारखा मंद, तांबूस लागला. तसाच दिवा पेटीच्या तोंडाशीं लावला, तेव्हां तो लख्ख पेटला.

मीटर खोटें बोलला होता काय? नाहीं. त्याला जेवढें विचारलें तेवढेंच त्यानें सांगितलें. मीटर जवळजवळ वीज घेतच नाहीं. त्यामुळें तारेंतला तांब्याचा एक धागा जरी शिल्लक असला, तरी तो बारा व्होल्ट दाखवितो. दिवा आणि मोटर काम करूं लागतात, वीज ओढूं लागतात, आणि त्या एका धाग्याला तो भार पेलवत नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ ओम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला जो नियम आपण शाळेंत घोकला, तो हाच: वाट अरुंद असली म्हणजे प्रवाहाच्या प्रमाणांत दाब वाटेंतच खर्ची पडतो. नळाच्या तोंडावर बोट दाबून धरलें तर पाण्याचा जोर बोटाला पुरा लागतो. बोट काढून बादली भरावयास घ्यावी, तेव्हां कळतें कीं वाट आंत कोठें तरी बुजली आहे. मिस्त्रीच्या दिव्यानें बोट काढलें, एवढेंच.

खात्रीसाठीं त्यानें मोटरीला फ्यूजमार्गें थेट बॅटरीची वीज क्षणभर दिली. मोटर गुरगुरली आणि चाक दोन बोटें खालीं आलें. ज्या मोटरीच्या मृत्यूचा दाखला देण्यांत आला होता, ती जिवंत होती. आतां पेटी आणि मोटर यांमधील हातभर तारेखेरीज संशयाला जागा उरली नाहीं. ती त्यानें बोटांनीं चाचपीत नेली. चाक वर-खालीं होतांना तारांचा जुडगा जेथें दर वेळीं वांकतो, तेथें बाहेरचें वेष्टन धड असूनही तार मऊ लागली. वेष्टन कापलें, आंत तांब्याचे सारे धागे तुटलेले, एक राहिलेला. वर्षानुवर्षें दिवसांतून दोनचार वेळां वांकून तें तांबें थकलें होतें, आणि माहुलच्या खाऱ्या हवेनें असो वा दुसऱ्या कोठल्या ओलाव्यानें असो, टोंकांवर हिरवा थर चढला होता. त्यानें तेवढा तुकडा काढून नवी तार डाख लावून जोडली, वर नळी चढविली, आणि वांकण्याच्या जागीं थोडी ढील सोडून दिली. शेवटीं चाक दोन्ही टोंकांना नेऊन तेथें क्षणभर बटण दाबून धरलें. पुष्कळ गाड्यांत बॅटरी सोडल्यानंतर पेटीला आपल्या सीमा अशा पुन्हां शिकवाव्या लागतात.

श्रोतेहो, या गोष्टीवरून लहान छपराखालचा मिस्त्री शहाणा आणि मोठें दुरुस्तीगृह अडाणी, असा निष्कर्ष कृपा करून काढूं नका. दोष पेटींतच असता, तर हाच मिस्त्री हतबल झाला असता. आणि तो कां हतबल झाला असता, हाच मघाशीं म्हटलेला प्रश्न आहे.

१९८६ सालीं जर्मनीच्या बॉश कंपनीनें गाडींतील अनेक पेट्यांनीं दोनच तारांवरून एकमेकींशीं बोलण्याची पद्धत जगापुढें मांडली. गाडीचा दोषही पेट्याच टिपून ठेवूं लागल्या, आणि तो वाचण्यासाठीं वेगळें यंत्र लागूं लागलें. इंजिनाच्या धुराशीं संबंध असलेल्या दोषांची भाषा सरकारांनीं सक्तीनें सर्वांसाठीं एकच केली. अमेरिकेंत १९९६ पासून, आपल्याकडे २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत. त्यामुळें इंजिनाचे ते दोष कोणताही मिस्त्री स्वस्तांतल्या यंत्रानें वाचूं शकतो. परंतु स्टिअरिंगचा दांडा धूर सोडीत नाहीं. त्याच्या पेटीची भाषा ज्या त्या कंपनीची खासगी राहिली. ती वाचणारें यंत्र, तारांचे नकाशे आणि सुटे भाग कंपनीच्या स्वतःच्या दुरुस्तीगृहांबाहेर जाऊं न देण्याची रीत पडली.

या रीतीविरुद्ध २०११ सालीं भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजीं आयोगानें निकाल दिला. चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २५४५ कोटी रुपये दंड ठोठावला, आणि सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें स्वतंत्र दुरुस्ती करणारांनाही उपलब्ध करून द्यावींत असें फर्मावलें. कंपन्यांनीं अपिलें केलीं, आणि निकालाच्या कागदापासून मिस्त्रीच्या छपरापर्यंतची वाट लांबच राहिली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं याच हक्काचा कायदा स्वतः मत देऊन केला. आपल्या सरकारनेंही २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं माहिती देणारें एक दालन उघडलें, आणि त्यांत मोटारगाड्यांचा अंतर्भाव केला.

हक्क म्हटला कीं आपल्याला पैशाची बचत आठवते. ती आहेच. पण माझ्या स्नेह्यांची खरी हानि निराळी होती. दांडा बदलणें परवडेना, आणि दोष कोणी शोधीना; या दोहोंमध्यें सांपडून ते काहीं आठवडे पिशवीच्या तोंडाशीं चेहरा नेऊन गाडी चालवीत होते. ज्या सोयीनें ठेंगण्या माणसाला सुरक्षित अंतर दिलें, तीच बिघडतांच त्यानें तें अंतर गमावलें. यंत्र माणसाशीं जुळवून घेऊं लागलें ही मोठी प्रगति खरी. परंतु तें जुळवून घेणें ज्याला समजतें असा माणूस हांकेच्या अंतरावर नसेल, तर आपण पुन्हां उशी घेऊन बसण्याच्या काळांत जातों.

म्हणून गाडीचा असा दोष उद्भवला, तर दुरुस्तीगृहाकडे जाण्यापूर्वीं घरींच चार गोष्टी टिपून ठेवा. कोणती हालचाल बंद आहे आणि कोणती चालूं. बटण दाबतांना आवाज येतो कीं नाहीं. दोष एकाएकीं आला कीं थांबत थांबत. आणि त्याआधीं बॅटरी उतरली होती काय किंवा गाडींत पाणी शिरलें होतें काय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबईंत असंख्य गाड्या पाण्यांत उभ्या राहिल्या. चाकाची जागा लक्षांत ठेवणारी पेटी पुष्कळ गाड्यांत चालकाच्या आसनाखालींच असते. असें पाणी तेथवर पोंचलें, तर त्याचा परिणाम कधीं कधीं फार उशिरां दिसूं लागतो. आणि कोणी संपूर्ण दांडा बदलण्यास सांगितलें, तर त्यांना नम्रपणें एकच विचारा: वीज मोजली ती भार देऊन, कीं नुसती?

मिस्त्रीनें माझ्या स्नेह्यांकडून घेतलेली मजुरी मी सांगत नाहीं. सांगितली तर तुम्ही ती पटण्यासारखी नाहीं म्हणाल. निघतांना स्नेह्यांनीं चावी लावली. चाक हळूहळू खालीं आलें आणि त्यांच्या छातीसमोर, ठरल्या जागीं, थांबलें. त्यांनीं आसन चार बोटें मागें सरकविलें आणि ते ताठ बसले. मिस्त्री तोंवर दुसऱ्या गाडीखालीं गेला होता. त्याचा दिवा मात्र बॅटरीजवळ तसाच पडला होता.